बोटीवरची सहा अक्षरं

१८ मार्च, सोमवार
पार्सल आलं. सकाळच्या फेरीबोटीनं. माल शाबूत, पण पाकिटाचा कोपरा उघडलेला. माझ्या जागी पोस्टात आलेली मुलगी म्हणते, वाटेत फाटला. मी एकतीस वर्षं या बेटाचा पोस्टमास्तर होतो. पाकीट कधी फाटतं आणि कधी फाडलं जातं, ते मला कळतं. मुलीवर लक्ष ठेवायचं.

आत व्हायनिलची, चिकटवायची अक्षरं. गडद निळी, वीतभर उंच. आय, सी, आय, एल, एम, ए. इसिल्मा. बायकोचं नाव. दोन संच, बोटीच्या दोन बाजूंना दोन. २२ एप्रिलला, ईस्टरच्या सोमवारी, आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात. त्या दिवशी शिडाच्या बोटींच्या शर्यती, सगळं बेक्वे बेट बंदरावर लोटणार. माझी बोट प्रवाशांची पहिली फेरी करेल आणि तिच्यावर हे नाव असेल. इसिल्माला पत्ता नाही. कुणालाच नाही.

सोबत सूचनांचा कागद. अकरा सूचना, मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचला नाही. जन्मभर तिकिटं चिकटवली, आता चिकटवणं मला कागदाकडून शिकायचंय? स्वयंपाकघरातलं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली घडी करून सरकवला. टेबल थांबलं. कागदाचं चीज झालं.

इसिल्मानं विचारलं, पार्सलात काय? म्हटलं, दोर. ती म्हणाली, "निळा का?"
निळा, हे तिला कसं कळलं?

१९ मार्च, मंगळवार
फिलोमेन मावशी किनाऱ्यावर नारळाचा पाव विकते आणि फुकट सल्ले देते. आजचा सल्ला: "नाव घालायचंय ना? मग कॉस्मोरकडे जा. सगळ्या बोटी त्याच्याच हातच्या."

(नाव घालायचंय हे तिला कुणी सांगितलं? पोस्टातली मुलगी. दुसरं कोण.)

कॉस्मोर टॅनिसकडे मी जाणार नाही. त्याचा ब्रश चांगला आहे, मान्य. पण छत्तीस वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या होडीवर ज्या मुलीचं नाव रंगवलं होतं, तिच्याशी लग्न मी केलं. मी इसिल्माला एकदा विचारलं होतं, ती होडी आठवते का? म्हणाली, "कुठली होडी?" फार पटकन म्हणाली.

दोन कोळ्यांना हाताशी धरून बोट वाळूवर ओढली. सांगितलं, तळ खरवडायचाय. मग दोन्ही बाजूंना वॅक्स. एक हात, वर दुसरा हात. आरशासारखी चकाकते. अक्षरांना बसायला जागा कशी गुळगुळीत हवी. मावशी म्हणाली, "ऑर्मंड, त्यात बघून दाढी तरी कर."

इसिल्मा दुपारी घरी नव्हती. चर्चच्या फुलांची कमिटी म्हणे. परत आली तेव्हा केस वाऱ्यानं विस्कटलेले आणि बाहीला वास. फुलांचा नाही. रंगाचा असावा.

२१ मार्च, गुरुवार. सकाळ
आज डावी बाजू. वारा आहे, पण मला वाऱ्याचं काय.

त्याच दिवशी, दुपार
वारा होता. मागचा कागद सोलल्यावर पूर्ण नाव एका लांब पट्टीवर हातात येतं. पट्टी बोटीऐवजी माझ्या शर्टाला चिकटली. पाठीला. पाठीला कशी गेली याचा विचार करतोय. शर्ट कापून ती सोडवली आणि डोकं लढवून अक्षरं सुटी केली. एकेक अक्षर लावलं. अंगठ्यानं दाबलं, तिकिटासारखं. वीस मिनिटांत काम फत्ते. थोडे फुगे आहेत. मायेनं बसतील.

कॉस्मोर किनाऱ्यानं आला. थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग टोपी काढून म्हणाला, "छान लावलंयस, पोस्टमास्तर. पण ही कोण?"
जळफळाट. दुसरं काही नाही. माणूस इतक्या वर्षांनीही नाव ओळखत नसल्याचं सोंग करतो.

२२ मार्च, शुक्रवार
फिलोमेन मावशीनं मोठ्यानं वाचलं, "इक्लिमा." आय आणि एलची अदलाबदल झालेली!
मी बरोबर लावलं होतं. म्हणजे कुणीतरी बदललं. ज्याला अक्षरांची जाण आहे, ज्याच्या हाताला सफाई आहे, असा कुणीतरी. नाव लिहीत नाही.
दोन्ही अक्षरं काढून जागच्या जागी लावली. अगदी अलगद निघाली. माल उंची आहे, हट्ट करत नाही.
मावशी म्हणे, "चष्मा घे बाबा." चष्म्याचा इथे काय संबंध?
संध्याकाळी बोट पाण्यात सोडून नांगरली. उजवी बाजू नंतर, वारा पडला की.

२६ मार्च, मंगळवार
सी गेला.
बोट शनिवारपासून जागेवर उभी आहे. मी फक्त शनिवारी बाहेर काढतो. उभ्या बोटीवरचं अक्षर आपोआप पडत नाही. पाकिटावरचं तिकीट कधी आपोआप पडलंय का? कुणीतरी काढलं.

२७ मार्च, बुधवार
ए पण गेला.
संशयितांची यादी केली. १) कॉस्मोर. २) पोस्टातली मुलगी. ३) कॉस्मोर.
इसिल्मा हल्ली रोज दुपारी दोनला बाहेर पडते, साडेतीनला परत. नेमकी माझ्या झोपेची वेळ. ही झोप पोस्टापासूनची शिस्त आहे, मोडता येत नाही, हे तिला माहीत आहे. घरात अजून एकही फूल आलेलं नाही. विचारलं, तर म्हणाली, "कमिटी अजून चर्चा करतेय."

२९ मार्च, शुक्रवार
फेरीबोटीनं किंग्सटाउनला, राजधानीला गेलो. प्रवासी नेणाऱ्या बोटीच्या कॅप्टनला परवाना लागतो आणि परवान्याला डोळ्यांची तपासणी. माझी तिसरी वेळ. आधीच्या दोन वेळा तक्ता अंधारात टांगला होता. या वेळी पूर्ण तयारीनं गेलो. मागच्या तक्त्याच्या पाचही ओळी पाठ. खडाखडा म्हणून दाखवल्या. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मिस्टर गुडिंग, हा तक्ता नवा आहे."
बदलला! न कळवता! याला तपासणी म्हणतात की सापळा?
पुन्हा या म्हणाल्या, चष्मा लावून. इसिल्माला सांगितलं, कागदपत्रं वरच्या साहेबाच्या सहीला गेली आहेत. एका अर्थी गेलीच आहेत.

ती पण आज सोबत आली होती, कापड घ्यायला. धक्क्यावर उतरताच गर्दीत नाहीशी झाली, ती थेट दोन तासांनी उगवली. कापड नव्हतं. हातात तपकिरी पाकीट. काय आहे? "ब्लाउजचा नमुना." दाखव म्हटलं. "शिवल्यावर बघ."
परतीच्या बोटीत स्वतःशीच हसत होती. पाकीट पूर्णवेळ मांडीवर.

१ एप्रिल, सोमवार
मुद्देमाल सापडला.
एम सुद्धा गेला होता. कॉस्मोरच्या शेडवरून सहज जात होतो (तिसऱ्यांदा), तर आत खिळ्याला लटकवलेला माझा एम! निळा! मी दारातूनच ओरडलो. आजूबाजूचे लोक जमले, बरंच झालं, साक्षीदार मिळाले. कॉस्मोर ब्रश पुसत म्हणाला, "पाण्यावर तरंगत होतं, पोस्टमास्तर. तुझंच असणार म्हणून वाळत घातलं. घे." मग म्हणाला, "लावायच्या आधी बाजू घासून घेतली होतीस ना?"
म्हटलं, घासली काय, वॅक्स लावलं. दोनदा.
यावर तो खाली बसला. हसता हसता बसला. जमलेले सगळेच हसले. निरपराध माणूस इतकं हसत नाही.

४ एप्रिल, गुरुवार
पाळत. दुपारी एकपासून. बदामाच्या झाडाखाली, पालथ्या होडीच्या आड. मावशीचा पाव आणि बाटलीभर मॉबी, झाडाच्या सालीचं कडू सरबत. आज झोपायचं नाही, असा निर्धार.
सव्वाचारला जाग आली.
बोट जागेवर. पण शंका आली म्हणून पोहत जाऊन इंजिनवर हात ठेवला. गरम! पेट्रोलही कमी. म्हणजे चोर अक्षरांपुरता नाही. चोर बोट नेतो, फिरवतो आणि आणून ठेवतो. इतका व्यवस्थित चोर बेक्वेत कोण आहे?

५ एप्रिल, शुक्रवार
लिहू की नको. लिहितो.
आज झोपलो नाही. मॉबीत कॉफी ओतून प्यायलो. दोन वाजून दहा मिनिटांनी कॉस्मोर आला. त्याच्या मागून मोठी गवती टोपी घातलेली एक बाई, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला. पाण्यातून चालत गेले आणि माझ्या बोटीत चढले. नांगर बाईनं ओढला. इंजिन बाईनं चालू केलं, पहिल्याच झटक्यात. मला चार लागतात. कॉस्मोर पुढे हाताची घडी घालून बसलेला. बोट वळली, तेव्हा टोपी उडून पाठीवर पडली.
इसिल्मा.

मी होडीआडून हललो नाही. वाटलं, गेले. पस्तीस वर्षं आणि गेले, तेही माझ्याच बोटीतून. तासाभरानं परत आले. तिनं बोट अशी आणून लावली, की पाण्याला सुरकुती पडली नाही. मी धक्क्याला लावतो, तेव्हा धक्क्याला कळतं.

रात्रीचं जेवण टाकलं. नीरफणस आणि खारा मासा होता. दोनदाच घेतला.

६ एप्रिल, शनिवार
शांतपणे, सहज, विचारलं, कॉस्मोर कसा आहे?
"गुडघा दुखतो म्हणाला," ती उत्तरली आणि भांडी घासत राहिली. कबुली! इतक्या सहज! लपवतसुद्धा नाही, हा तर आणखी पुढचा डाव.
आज बोट काढली नाही. तब्येत.

८ एप्रिल, सोमवार
शेडवर गेलो. दोन हात करायला. कॉस्मोर एका मासेमारीच्या होडीवर पिवळा पट्टा ओढत होता. हात हलला नाही त्याचा. मी जे बोलायचं ते बोललो. होडीचंही बोललो, ती छत्तीस वर्षांपूर्वीची.
पट्टा टोकापर्यंत नेऊन त्यानं ब्रश ठेवला. म्हणाला, "पोस्टमास्तर, मी तिला विचारलं, ती नाही म्हणाली. मी ऐकलं. तुला ती हो म्हणाली. तुला अजून ऐकू आलेलं दिसत नाही. घरी जा, तिला विचार."
याला चोख उत्तर होतं. वाटेत सुचेल म्हणून निघालो.

घरी इसिल्मा टेबलाशी बसली होती. समोर तपकिरी पाकीट. बातमी माझ्या आधी पोचली होती, अर्थात. म्हणाली, "बसा, मिस्टर गुडिंग." मी मिस्टर गुडिंग झालो की बसतोच.
पाकिटातून कार्ड काढलं. कॅप्टनचा परवाना. फोटो तिचा.

बोलणं तिचंच झालं. जसं आठवतं तसं:
"डोळे, गाठी, इंजिन, सगळ्यात पास. त्या दिवशीच, तू तक्ता म्हणत होतास तेव्हा. मी शेजारच्या खोलीत होते. ऐकू येत होतं."
मग म्हणाली, "ऑर्मंड, फेब्रुवारीत तू बंदरातल्या तरंगत्या लाल बोयाला 'गुड मॉर्निंग, फादर' म्हणालास. मी मागे बसले होते. त्या दिवसापासून तू बोट काढलीस, की मी चर्चच्या पायरीवर जाऊन बसते आणि तू परत येईपर्यंत मोजते. एकदा चार हजारांच्या वर गेले. तुला थांब म्हटलं असतं तर थांबला असतास? म्हणून म्हटलं, आपणच शिकावं. कॉस्मोरनं शिकवलं, कारण बाकी कुणी तुझ्या भीतीनं शिकवेना."
(माझी भीती आहे, हे ऐकून बरं वाटलं.)
"आणि मला सांग, ही इक्लिमा कोण? दोन दिवस मी बेटावर त्या नावाची बाई शोधत होते."
म्हटलं, तू आहेस.
"तेच कॉस्मोर म्हणाला. स्पेलिंग सोड, मनाकडे बघ म्हणाला."
तिनं कार्ड परत पाकिटात ठेवलं. ती रडली नाही. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं, डोळे तसेही कमजोर आहेत म्हणे.

१० एप्रिल, बुधवार
विचाराअंती ठरवलं: हे मान्य नाही. घरात एकच कॅप्टन हवा. राजीनामा द्यावा असं वाटतं, पण कशाचा ते ठरत नाही.
तिला विचारलं, तू कॅप्टन तर मी कोण? म्हणाली, "मालक." शब्द चांगला आहे. पण फार पटकन म्हणाली.

१२ एप्रिल, शुक्रवार
किंग्सटाउनला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यात आलं. फ्रेम इसिल्मानं निवडली. चष्मा बुधवारी मिळेल. मी फक्त तिच्या समाधानासाठी घेतोय.

१७ एप्रिल, बुधवार
चष्मा आला. फिलोमेन मावशीच्या पावावर तीळ असतात. कधीपासून? म्हणे पहिल्यापासून. समोरच्या डोंगरावर घरं आहेत. आणि इसिल्माच्या कानापाशी पांढरे केस, बरेच. मला कुणी सांगितलंच नाही.
बोट पाहिली. डाव्या बाजूला उरलेली तीन अक्षरं पायऱ्यांसारखी उतरत गेली आहेत. कुणीतरी वाकडी केली असावीत. यादी काढली, पण नाव लिहावंसं वाटलं नाही.

१८ एप्रिल, गुरुवार
इसिल्मानं टेबलाच्या पायाखालचा कागद ओढून काढला. चहा सांडला. तिनं मोठ्यानं वाचलं: "सूचना पहिली. पृष्ठभागावर वॅक्स अथवा तेलाचा अंशही नसावा." माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ही सर्वसाधारण लोकांसाठी आहे. तिनं पुढच्या दहाही वाचल्या. एकही मी पाळली नव्हती. सातवी, "वारा असल्यास काम टाळावे," ही तर कुणीतरी मला पाहूनच लिहिल्यासारखी.

बोट पुन्हा वाळूवर. दोघांनी स्पिरिटनं बाजू घासल्या, वॅक्स जाईपर्यंत. घासून घासून खांदे गेले. मग दुसरा संच, उजव्या बाजूला. तिनं साबणाचं पाणी शिंपडलं, मी पट्टी धरली, ती म्हणाली, "वर. अजून वर. थांब." मग रबरी पट्टीनं मधून कडेला, मधून कडेला, सगळं पाणी बाहेर. वरचा कागद दोघांनी दोन टोकांनी सोलला. तिचा हात माझ्या हातावर आला तो तिथेच राहिला थोडा वेळ. एकही फुगा नाही.
आय, सी, आय, एल, एम, ए. मी चष्म्यातून चारदा वाचलं.
डाव्या बाजूला अक्षरं पुरत नव्हती. कॉस्मोरला बोलावलं. मी बोलावलं, स्वतः जाऊन. तो म्हणाला, "निळा रंग तयारच आहे. वॅक्सचं ऐकलं त्या दिवसापासून." दीड तासात नाव रंगवलं. काही घेतलं नाही, फक्त इसिल्मानं तळलेले मासे. पाच.

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार
पहिली फेरी झाली. आठ प्रवासी. कॅप्टन: इसिल्मा गुडिंग. माझ्याकडे दोर, लाइफ जॅकेट आणि बायकांच्या पर्सेस. बंदरभर शिडं, ढोल, ओरडा. आमची बोट आली तसे धक्क्यावरचे लोक उभे राहिले आणि कॉस्मोरनं टोपी हलवली. मीही हलवली. तो खरंच कॉस्मोर होता, खात्री करून घेतली.
प्रवाशांनी नावाचे फोटो काढले, सगळ्यांनी डाव्या बाजूचे. ऊन तिकडून होतं म्हणून. तटस्थपणे पाहिलं तर उजवी बाजू सरस आहे.
परत येताना ती हळूच म्हणाली, "पस्तीस वर्षांत मला एवढं मोठं कुणी लिहिलं नव्हतं." हे वाक्य इथे लिहून ठेवतो. पुन्हा म्हणेल असं वाटत नाही.
ठराव: ऑगस्टमध्ये डोळ्यांची चौथी तपासणी. चष्म्यासह. मग घरात दोन कॅप्टन, आणि ज्येष्ठ कोण ते वयानं ठरेल.
उद्या सकाळी सातची फेरी. साडेसहाला हजर, असा कॅप्टनचा हुकूम. मालकाला हुकूम! मी मालकाच्या वेळेनं जाणार.

२३ एप्रिल, मंगळवार. सकाळी सात वाजून सहा मिनिटं
बोट गेली.
धक्क्यावरून ओरडलो. नऊ प्रवासी होते, सगळ्यांनी वळून पाहिलं. इसिल्मानंही पाहिलं, आणि हात केला. उशिरा आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाला करतात तसा: पुढची फेरी आठला.